ती यायची बंद झाली, म्हणजे तिला नोकरी लागली असेल!

जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचं नाव तुमच्यातल्या अनेकांनी ऐकलं नसेल, पण त्यांचा टीशर्ट तुम्ही नक्की पाहिलाय. काळ्या कापडावर एकाखाली एक पांढऱ्या नागमोडी रेघा, मधोमध उंचावलेल्या. कुणाला त्या डोंगररांगा वाटतात, कुणाला ईसीजी. प्रत्यक्षात तो एका ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचा आलेख आहे. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल यांना जो पहिला पल्सार सापडला, त्याचा. पीटर साव्हिल या डिझायनरने तो काळ्यावर पांढरा असा उलटवून १९७९ साली ‘अननोन प्लेझर्स’ या अल्बमच्या कव्हरवर छापला. पुढे हे चित्र इतकं पसरलं की २०१२ मध्ये डिस्नेने त्यात मिकी माऊस बसवून टीशर्ट काढला आणि ओरड झाल्यावर मागे घेतला.

टीशर्ट घालणाऱ्या पोरांना विचारलं की काय रे, काय ऐकतोस यांचं, तर उत्तर ठरलेलं. “काका, लई डार्क आहे, तुम्हाला नाही झेपणार.” गायक इयन कर्टिस, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने आयुष्य संपवलं, आणि तेव्हापासून तो उदासीचा देव होऊन बसलाय. त्याचे डोळे मिटलेले काळेपांढरे फोटो पोस्टरवर, मगवर, मोबाईलच्या कव्हरवर.

मला या देवपूजेबद्दल बोलायचंय. त्याच अल्बममध्ये ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ नावाचं गाणं आहे. पोस्ट-पंक म्हणून जो संगीतप्रकार ओळखला जातो त्यातलं एकटेपणाचं, परकेपणाचं, स्वतःच्या आत बघण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून ते सांगितलं जातं. बरोबरच आहे. पण हे गाणं एखाद्या कवीच्या खोलीत बसून सुचलेलं नाही. ते सुचलं एका सरकारी ऑफिसच्या टेबलावर. म्हणून ते संगीतप्रेमींइतकंच आपल्यासारख्या, सार्वजनिक कारभारावर बोलणाऱ्या लोकांचंही आहे असं मी म्हणतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मँचेस्टर आपल्याला कापडामुळे माहीत. आपण इचलकरंजीलाही महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो. पण सत्तरच्या दशकातलं खरं मँचेस्टर म्हणजे बंद पडलेल्या गिरण्या आणि पाडापाडी. जुन्या कामगार वस्त्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या गल्ल्या, पालिकेने पाडल्या आणि माणसं सिमेंटच्या उंच इमारतींत हलवली. बँडचा गिटारवादक बर्नार्ड समनर शेजारच्या सॅलफर्डमध्ये अशाच एका वस्तीत वाढला होता आणि ती वस्ती गेली, माणसं विखुरली, हे तो नंतर मुलाखतींतून सांगत राहिला. १९७६ च्या जूनमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड मँचेस्टरला आला. मोजकीच पोरं ऐकायला गेली होती, त्यात समनर आणि बासवादक पीटर हूक होते. पंक म्हणजे व्यवस्थेवर ओरडणं. दोन-तीन वर्षांत त्या ओरडण्याने काही बदलत नाही हे पोरांना दिसलं आणि आवाज आत वळला. त्या आत वळलेल्या संगीताला पोस्ट-पंक नाव पडलं.

या सगळ्यात इयन कर्टिस थोडा वेगळा. पोटापाण्यासाठी तो सरकारी नोकर होता! मॅकल्सफील्ड हे मँचेस्टरजवळचं जुनं रेशीम गिरण्यांचं गाव. तिथल्या रोजगार विनिमय केंद्रात तो अपंग व्यक्तींना काम मिळवून देणारा सहायक अधिकारी होता. वय एकवीस-बावीस, लग्न झालेलं, दिवसा ऑफिस, रात्री बँड.

त्याच्या त्या पदाचीही एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या जखमींना काम कुठून द्यायचं, या प्रश्नावर ब्रिटनने १९४४ मध्ये कायदा केला. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने ३ टक्के जागा नोंदणी केलेल्या अपंग व्यक्तींना द्यायच्या. शिवाय लिफ्ट चालवणं आणि गाड्यांच्या तळावर राखण करणं, ही दोन कामं खास त्यांच्यासाठी राखून ठेवली. म्हणजे कायद्यानेच सांगून टाकलं की तुमची झेप लिफ्टच्या खोक्याएवढी! सत्तरच्या दशकापर्यंत बहुतेक मालक हा कोटा पाळत नव्हते आणि त्यांच्यावर झालेले खटले हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. शेवटी १९९५ च्या नव्या कायद्याने कोटाच गेला. कर्टिस बसायचा तो असल्या कायद्याच्या खिडकीत. मागे कायदा, पुढे माणूस, आणि देण्यासाठी हातात फारसं काही नाही.

त्या खिडकीवर एक तरुण मुलगी यायची. तिला फिट्स यायच्या. मिरगी म्हणा, अपस्मार म्हणा, आमच्याकडे आकडी म्हणतात. तिला काम हवं होतं. ऑफिसातही तिला फिट आलेली त्याने पाहिली. मग काही दिवस ती आली नाही. कर्टिसला वाटलं, चला, लागली असेल कुठेतरी नोकरी. नंतर कळलं की फिट येऊनच ती वारली.

इथे मी थांबतो, कारण मी स्वतः अठरा वर्षं एका सरकारी ऑफिसात खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय. आतून माणूस कसा दिसतो ते मला माहीत आहे. आधी हात दिसतो, हातातली फाईल दिसते, झेरॉक्स अपुऱ्या आहेत हे दिसतं, आणि चेहरा वर बघितला तर दिसतो. जो माणूस यायचा बंद होतो, त्याचं काम झालं असं आपोआप गृहीत धरलं जातं. कुणी वाईट म्हणून नव्हे. रजिस्टरमध्ये ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ असे दोनच रकाने असतात. ‘माणूस यायचा का थांबला’ असा रकाना जगातल्या कुठल्याच रजिस्टरात मी पाहिलेला नाही. चकरा मारून थकला, गावी गेला, की मेला, हे खिडकीला कळत नाही.

बहुतेक कारकून ही गोष्ट दोन दिवसांत विसरले असते. कर्टिसने गाणं लिहिलं.

आणि गाणं ऐकलंत तर लक्षात येईल की त्यात रडणं नाही. आवाज सपाट आहे, एखादा अहवाल वाचावा तसा. ‘ती’ असं म्हणत तो तिची गोष्ट सांगतो, मधूनच ती स्वतः बोलते. संगीतही त्याला साजेसं. हूकचा बास वरच्या पट्टीत, तोच तोच फिरत राहणारा. मार्टिन हॅनेट नावाच्या निर्मात्याने स्टॉकपोर्टच्या स्टुडिओत स्टीफन मॉरिसचे ड्रम सुटे सुटे वाजवून घेतले, म्हणजे प्रत्येक ठोका एकटा पडावा. एका ठोक्यासाठी चक्क टेपयंत्राची हेडं साफ करायचा स्प्रे माईकसमोर फवारला. बंद खोलीत तो वास कोंडून मॉरिसला श्वास घेणं मुश्कील झालं होतं. ऐकताना तो फस्स आवाज दवाखान्यातल्या यंत्रासारखा वाटतो. माणूस आणि यंत्र यांच्यात माणूस हरतोय, असं काहीतरी पोटात होतं.

आता तारखा बघा. हे गाणं बँडने पहिल्यांदा रंगमंचावर वाजवलं ते १९७८ च्या मध्यावर. डिसेंबर १९७८ मध्ये लंडनचा पहिला कार्यक्रम करून गाडीतून परतताना कर्टिसला स्वतःला मोठी फिट आली. जानेवारी १९७९ मध्ये डॉक्टरांनी निदान केलं, अपस्मार. ज्या आजाराबद्दल तो टेबलाच्या अलीकडून लिहीत होता, तो आजार टेबल ओलांडून त्याच्याकडे आला. जून १९७९ मध्ये अल्बम निघाला तेव्हा लोक ‘ती’ ऐकत होते आणि गाणारा मात्र तोवर ‘तो’ राहिला नव्हता.

१९८० च्या मार्चमध्ये बँडने हेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं आणि त्यात शेवटी एक कडवं जास्त आहे. त्या कडव्यात बोलणारा ‘मी’ आहे. आत्मपरीक्षण, अंतर्मुखता वगैरे जड शब्द आपण वापरतो ना, ती गोष्ट इथे एका सर्वनामात घडलेली दिसते. दुसऱ्याचं दुःख सांगायला बसलेला माणूस दीड-पावणेदोन वर्षांनी त्याच गाण्यात स्वतःचं सांगायला लागतो. ही आवृत्ती ब्रिटनच्या बाजारात आली तेव्हा तो जिवंत नव्हता.

मधल्या काळात काय झालं ते सांगितल्याशिवाय मुद्दा पुरा होत नाही. फिटच्या रुग्णाचं पथ्य साधं असतं. वेळेवर झोप, दारू नको, डोळ्यांवर उघडझाप करणारे दिवे नकोत. बँडचं आयुष्य याच्या नेमकं उलट. शिवाय त्या काळातली औषधं जड, मनावर परिणाम करणारी. कर्टिस स्टेजवर हात झटकत नाचायचा, आजार समजण्याआधीपासून. पुढे नाच कुठे संपला आणि फिट कुठे सुरू झाली हे समोरच्यांना कळेनासं झालं. ४ एप्रिल १९८० ला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये नको सांगूनही ते दिवे लागले, तो कोसळून ड्रमवर पडला, आणि प्रेक्षकांतल्या कित्येकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्याच रात्री त्याने शहरात दुसरा कार्यक्रम केला. तिथेही फिट आली. त्यानंतर काही दिवसांतच त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, वाचला. आणि ८ एप्रिलला मँचेस्टरजवळच्या बेरी गावात ठरलेला कार्यक्रम रद्द झाला नाही. तो आला, दोन गाणी म्हणून आत गेला, प्रेक्षक चिडले, बाटल्या फेकल्या गेल्या, मारामारी झाली.

१८ मे १९८० ला तो गेला. दुसऱ्या दिवशी बँड अमेरिका दौऱ्यावर निघणार होता. घरी एक वर्षाची मुलगी होती.

बँडमधले तिघे नंतर अनेकदा म्हणालेत की आम्ही शब्दांकडे फारसं लक्ष दिलंच नाही. आणि विचारलं तर तो म्हणायचा, मी ठीक आहे. तेही विशी-बाविशीतले. त्यांना दोष देणं सोपं आहे, मला त्यात रस नाही. पण बघा, एक माणूस रोज रात्री शेकडो लोकांसमोर माईकवर सांगतोय, आणि त्याचं कुणाला ऐकू जात नाही. मला हे परकेपण गाण्यातल्या परकेपणापेक्षा जास्त भयानक वाटतं. तिचं तेच झालं होतं खिडकीवर. त्याचं झालं माईकवर.

आता काही जण म्हणतील, अहो, आजारावरच काय सगळं ढकलताय? त्याचं लग्न मोडायला आलं होतं, दुसरं प्रेमप्रकरण होतं, तो काफ्का-दोस्तोयेव्हस्की वाचणारा, मुळातच उदास प्रकृतीचा. मान्य. बायको डेबोरा कर्टिसने १९९५ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात तो काही संत दिसत नाही. एका माणसाच्या अशा मृत्यूचं एकच कारण छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मीही सांगत नाही. मी गाण्याबद्दल बोलतोय. त्या गाण्यातला एकटेपणा ही गायकाची ‘प्रकृती’ होती असं म्हटलं की आपली सगळ्यांची सुटका होते. ऑफिसची, मालकांची, प्रेक्षकांची. “होताच तो तसा.” हे वाक्य मी आपल्याकडेही फार ऐकलंय, विशेषतः कुणी गेल्यावर.

आणि आपल्याकडे म्हणालो तर आपल्याकडचंही बघू, कारण हा आजार मॅकल्सफील्डपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि नीट निदान, नीट औषध मिळालं तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. सत्तर टक्के! म्हणजे बहुतेकांचं हे दुःख टाळता येण्यासारखं आहे.

आणि आपण काय केलं? १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून वारंवार येणाऱ्या फिट्स वेडाच्या झटक्यांच्या शेजारी नेऊन बसवल्या. अशा माणसाचं लग्न कोर्टात जाऊन रद्द ठरवून घेता येत होतं. ते शब्द कायद्यातून निघायला १९९९ साल उजाडलं. तेवीस वर्षं. कायद्यातून निघाले, बायोडाटातून निघाले नाहीत. २०२३ मध्येसुद्धा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला एका घटस्फोटाच्या प्रकरणात सांगावं लागलं की अपस्मार हा असाध्य आजार नाही, मानसिक विकृतीही नाही. आमच्या तालुक्याच्या गावात मुलीच्या फिटच्या गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ठेवणारी घरं मी पाहिलीत. लग्नानंतर ती डबीही माहेरी राहते, गोळी चुकते, आणि मग फिट येते ती सासरी, सगळ्यांच्या देखत.

नोकरीचं बघा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा चांगला आहे, त्याने ७ प्रकारांवरून २१ प्रकार केले, सरकारी जागांत ४ टक्के आरक्षण दिलं. पण त्या २१ नावांत अपस्माराचं स्वतंत्र नाव नाही. जुनाट मेंदूविकारांची उदाहरणं आहेत, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन. फिटवाल्याने प्रमाणपत्राच्या रांगेत उभं राहून काय सांगायचं? फिट नसते तेव्हा तो तुमच्याआमच्यासारखाच दिसतो. तपासणीच्या दिवशी फिट आली नाही तर धडधाकट. कामावर आली तर बिनकामाचा. कारखान्यात नको, शाळेत नको, दुकानात गिऱ्हाईक घाबरेल. कर्टिसच्या टेबलासमोरची ती मुलगी आज आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी आली तर तिला काय वेगळं मिळेल, सांगा.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे आणि त्यात भव्यदिव्य काही नाही.

एक, अपस्माराचं नाव कायद्याच्या यादीत स्पष्ट घाला. ‘इत्यादी’मध्ये राहणाऱ्याला खिडकीवर कुणी विचारत नाही.

दोन, प्राथमिक आरोग्य केंद्रात फिटच्या गोळ्या खंड न पडता मिळाल्या पाहिजेत. यातली काही औषधं जुनी आणि स्वस्त आहेत. या आजारात महिनाभराचा तुटवडा म्हणजे गैरसोय नव्हे, जिवाशी खेळ आहे.

तीन, जे ऑफिस माणसांना मदत करायला काढलंय, तिथे यायचा बंद झालेल्या माणसाला एक फोन गेला पाहिजे. एवढंच. “तुम्ही आला नाहीत, बरं आहे ना?” माझ्या अठरा वर्षांत असा फोन करणारा एक शिपाई मी पाहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल त्याला साहेबांची बोलणी खावी लागली, ऑफिसच्या फोनचं बिल वाढवतोस म्हणून.

आणि एक घरगुती गोष्ट, कारण ही पोस्ट वाचणाऱ्या कुणासमोर तरी कधी ना कधी कुणी कोसळणारच आहे. चप्पल हुंगवू नका, कांदा नाकाला लावू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, माणसाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेलं तर १०८ ला फोन. शुद्धीवर येईपर्यंत तिथेच थांबा. गर्दी हटवा, मोबाईलवाल्यांना आधी हटवा. रेनबो थिएटरमधल्या लोकांना तो कार्यक्रम वाटला होता. आपल्याला तर व्हिडिओ वाटतो.

टीशर्ट घालणाऱ्या पोरांना माझं काही सांगणं नाही. घाला बिनधास्त, चित्र झकास आहे. फक्त त्या गाण्याला नुसतं ‘डार्क’ म्हणून पुढे जाऊ नका. एका बावीस वर्षांच्या सरकारी नोकराला आपल्या खिडकीवर येणारी मुलगी का आली नाही याची बोच लागली, त्यातून ते आलंय. आणि तुमच्यातल्या कुणाला आतून तसंच वाटत असेल, विचारलं की “मी ठीक आहे” असं तोंडातून आपोआप जात असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. तिथे नको वाटलं तर एखाद्या मित्राला धरा, पण बोला.

बाकी मतभेद असतील तर कमेंटमध्ये लिहा, चर्चा करू. आणि तुमच्यापैकी जे माझ्यासारखे खिडकीच्या आत बसतात, त्यांनी उद्या सकाळी एक काम करा. रजिस्टर उघडा आणि गेल्या सहा महिन्यांत कोण यायचं बंद झालंय, त्यातल्या एका तरी माणसाला फोन लावा. काय उत्तर येतं ते इथे येऊन सांगा. मी वाट बघतोय.